मोडण्याआधी सांगणारं काहीतरी

२२ जून

प्रिय दादा,

मोबाइलवर पाठवलेले माझे निरोप तू वाचतोस हे मला दिसतं, आणि उत्तर देत नाहीस हेही दिसतं. म्हणून कागद घेतला. कागदावर वाचल्याच्या खुणा उमटत नाहीत, त्यामुळे तू वाचलंस असं धरून चालायला मी मोकळी.

आईला या पत्राचं ठाऊक नाही.

भांडण मी पुन्हा उगाळत बसत नाही. बाबा गेले, तू म्हणालास इथलं सगळं आवर आणि माझ्याकडे राहायला चल. आई 'बघते' म्हणाली आणि आठवड्याभरात तंत्रनिकेतनात मास्तरकी मिळवून आली. तेव्हा तू जे बोललास, 'या वयात पोरांना लोखंड शिकवून काय दिवे लावणार आहेस?', ते ती विसरलेली नाही. पण काय दिवे लावतेय ते तुला कळायला हवं. वहिनी फोनवर विचारते, तू विचारत नाहीस, म्हणून तुलाच सांगते.

तिच्या विषयाचं नाव वेळापत्रकात 'पदार्थ आणि त्यांचे उपयोग' असं छापलंय. शेजारच्या काकूंनी ते ऐकलं आणि विचारलं, "अगंबाई! गोडाचे पण शिकवता का?" आई म्हणाली, "हो, काच शिकवते. पाकासारखीच असते. गार करायची घाई केली की तडकते." काकू अजून विचारात आहेत.

बुधवारी माझा दवाखाना बंद असतो. पहिल्या बुधवारी तिचा डबा द्यायला म्हणून गेले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. आता दर बुधवारी जाते. मुलं मला 'दातवाल्या ताई' म्हणतात.

पहिल्याच दिवशी तिनं मुलांना सांगितलं, पुस्तक नको, घरातून एक मोडकी वस्तू आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर भंगारवाल्याची गाडी उलटल्यासारखं झालं. कुकरचा कान, चष्म्याची काडी, चपलेचा अंगठा, बादलीची कडी, फाटकी चार्जरची वायर. तिनं बादलीची कडी उचलली.

"ही का तुटली?"

"पडली म्हणून, मॅडम."

"पडतं तर सगळंच. हीच का तुटली? इथेच का तुटली? आणि आजच का तुटली? काल का नाही?"

एकजण म्हणाला, बादली गच्चीवर असते. आईनं त्याच्याकडे असं बघितलं जणू त्यानं बक्षीस आणलंय. "ऊन! ऊन प्लास्टिकला म्हातारं करतं. वरून दिसत नाही, आतून कडक होत जातं." मग पंधरा मिनिटं त्या एका कडीवर गेली, आणि पोरं पुढे सरकत सरकत टेबलापाशी कधी आली ते त्यांनाही कळलं नाही. तेव्हापासून तिचं नाव पडलंय 'का-बाई'. तिला ते माहीत आहे, आणि आवडतंही.

माझ्याकडून तिनं दातांत भरायच्या सिमेंटचे नमुने नेले. एका मुलानं विचारलं, मग पूर्वी सोन्याचे दात का बसवायचे? आई म्हणाली, "गंजत नाही म्हणून. आणि दिसतो म्हणून. उपयोग दोन्ही असतात, बाळा."

कारखान्याच्या चाचणी विभागात तिनं आयुष्यभर वस्तू ओढून, दाबून, वाकवून तोडल्या. आपल्याला वाटायचं रूक्ष काम आहे. दादा, ती त्या वस्तूंच्या प्रेमात होती रे. फक्त ऐकायला कोणी नव्हतं.

तुमच्याकडे अजून तेच चालतं का, विमानाच्या पंखांसाठी कार्बनच्या धाग्यांचे पत्रे? मीच विचारतेय. आई नाही.

तुझी
धाकटी

३ ऑगस्ट

प्रिय दादा,

आज एका मुलीबद्दल लिहायचंय.

तिला सगळे टिकटिक म्हणतात. हे नाव तिनं स्वतःच लावून घेतलं, दुसऱ्यांनी लावायच्या आधी. लहानपणीच्या आजारानं तिचा डावा पाय अशक्त राहिला. गुडघ्याच्या खालपासून बुटापर्यंत ती कॅलिपर घालते, म्हणजे दोन्ही बाजूंना पोलादाचे दांडे आणि वर चामड्याचा पट्टा. पाऊल टाकलं की घोट्याच्या सांध्यातून 'टिक्' असा आवाज येतो. मापं घ्यायच्या एका अवजारालाही कॅलिपरच म्हणतात. सत्राच्या सुरुवातीला आई म्हणाली होती, "मापं घ्यायचीत, आपापले कॅलिपर काढा." मागून ही म्हणाली, "मॅडम, माझा काढला तर मी पडेन." सगळा वर्ग हसला, ती सगळ्यात मोठ्यानं हसली. जिभेला अशी धार आहे की माझी हत्यारं बोथट वाटावीत.

गेल्या बुधवारी जिन्यात तिच्या कॅलिपरचा बाहेरचा दांडा तुटला. कठडा धरून कशीबशी वर आली, बाकावर बसली आणि ते सगळं काढून शेजारी ठेवलं. आई वर्गात शिरली. तिला तो तुटका दांडा दिसला.

तुला आईचा तो चेहरा आठवतो? डोळे बारीक होतात आणि ती आपल्याला ऐकेनाशी होते? तोच. "बघू," म्हणून तिनं दांडा उचलला आणि सरळ टेबलावरच्या कॅमेऱ्याखाली धरला. तुटलेलं टोक भिंतीवर केवढं मोठं दिसायला लागलं.

खरं सांगते, तसा तास मी जन्मात ऐकला नाही. भिंतीवर एक गुळगुळीत भाग होता आणि त्यात एकामागे एक बारीक कमानी, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. एका कडेला खडबडीत तुकडा. आई म्हणाली, "हा खडबडीत भाग आज सकाळचा. बाकीचं सगळं आधीचं. हा दांडा आज तुटला नाही. कित्येक महिने तुटत होता. एका पावलाला एक केसभर. आता सांगा, सुरुवात कुठे झाली?"

मुलं भिंतीपाशी गेली. एक मुलगा कमानींवरून बोट मागे मागे नेत म्हणाला, "इथे. आकड्यापाशी."

दांड्यावर कॅलिपरचा क्रमांक ठोकलेला होता. त्यातल्या '७' या आकड्याच्या कोपऱ्यातून तडा निघाला होता. आई अगदी हळू म्हणाली, "वस्तू कोणाची हे कळावं म्हणून खूण केली. आणि खूण केली तिथेच घाव बसला."

मग माझं लक्ष टिकटिककडे गेलं.

ती बाकावर बसली होती, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, आणि तो दिसू नये म्हणून तिनं दप्तर पुढे ओढलं होतं. सगळा वर्ग तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत होता. ती उभी राहिली. बाक धरत धरत पुढे आली, आईच्या हातातून दांडा घेतला आणि म्हणाली, "मॅडम, हा माझा पाय आहे."

मैत्रिणीनं खांदा पुढे केला, तो तिनं घेतला नाही. लंगडत, भिंत धरून गेली. कोणी हसलं नाही. आई रिकामा हात तसाच कॅमेऱ्याखाली धरून उभी होती. भिंतीवर तिच्या तळहाताच्या रेघा केवढ्या मोठ्या दिसत होत्या.

"तास संपला," ती म्हणाली. अर्धा तास बाकी होता.

बाकी सगळं ठीक.

धाकटी

१४ ऑगस्ट

प्रिय दादा,

'बाकी सगळं ठीक' असं लिहिलं खरं, पण काही ठीक नव्हतं. आईनं राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तुला कळवलं नाही, कारण 'मी सांगत होतो' म्हणायची आयती संधी तुला द्यायची नव्हती.

टिकटिक आठवडाभर आली नाही. आईनं आधी वर्गाची माफी मागितली. खुर्ची बाजूला सारून, उभं राहून. म्हणाली, "मी तुम्हाला वस्तू बघायला शिकवते. परवा मी वस्तू बघितली आणि माणूस बघितलं नाही. हे शिकू नका." मुलं खाली बघत होती. त्या वयातल्या मुलांसमोर एवढं सरळ बोलायला काय लागतं ते तुला सांगायला नको. आपल्या दोघांपैकी कोणाला ते जमेल का, याची मला शंका आहे.

मग ती टिकटिकच्या घरी गेली. मला बरोबर नेलं, पण बजावलं, "तू बोलायचं नाहीस."

दार तिच्या वडिलांनी उघडलं. ते बसचालक आहेत. गणवेशातच होते, नुकतेच कामावरून आलेले. म्हणाले, "मॅडम, मी समजावून बघितलं. नाही म्हणते."

"मी तिला न्यायला नाही आले," आई म्हणाली. "माफी मागायला आलेय. तेवढी मागते आणि जाते."

आतून आवाज आला, "मागा."

वडील ओशाळले. "अगं, मोठ्यांशी कसं बोलावं!"

"बरोबर बोलतेय ती," आई म्हणाली आणि दारातूनच आत बघत म्हणाली, "तुला न विचारता मी तुझी वस्तू उचलली. तुला तसंच बसवून ठेवलं. माझं चुकलं."

टिकटिक बाहेर आली. जुना, आखूड झालेला कॅलिपर पायात होता, त्यामुळे ती एका बाजूला कलली होती. "तुम्हाला पाय दिसलाच नाही," ती म्हणाली. "दांडाच दिसला."

"हो. खरंय."

मला वाटलं ती आणखी काहीतरी समजावेल, कारणं देईल, मुलांच्या शिक्षणाचं वगैरे. काही नाही. वडिलांनी आम्हाला आत बसवलं, पाणी आणलं. आई पाणी प्यायली, ग्लास ठेवला आणि उठली. आम्ही दारात पोचलो तेव्हा मागून प्रश्न आला.

"पण तो तुटला का?"

आई वळली.

"मी निघून गेले ना," टिकटिक म्हणाली. "पुढचं ऐकलंच नाही. आत्तापर्यंत तीनदा तुटलाय. दर वेळी दुकानवाला म्हणतो, पोरगी धसमुसळी आहे. बाबापण तेच म्हणतात."

वडील छताकडे बघायला लागले.

आई परत बसली. खाली, जमिनीवर, टिकटिकसमोर. सात आकडा, तडा, कमानी, सगळं तिनं फक्त तिला सांगितलं. दांडा टिकटिकच्या हातात, आई हातही लावत नव्हती, नुसती बोटानं दाखवत होती. शेवटी म्हणाली, "तू धसमुसळी नाहीस. तू फक्त चालत होतीस."

दादा, ती मुलगी तेव्हा रडली. जिभेची सगळी धार गेली आणि ती लहान मुलीसारखी रडली. तीन वर्षं तिला वाटत होतं की आपण नीट चालत नाही म्हणून कॅलिपर तुटतो.

डोळे पुसून तिनं पहिली गोष्ट विचारली, "मग न तुटणारा करता येईल?"

"न तुटणारं जगात काही नसतं," आई म्हणाली. "पण याच्याहून चांगला करता येईल. तू करशील?"

"मी?"

"मी नाही करणार. वर्ग मदत करेल. पण पाय तुझा आहे."

टिकटिक म्हणाली, "पाय माझा, तर निर्णय पण माझा. तुमचाही नाही चालणार."

"कबूल."

प्राचार्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग अट घातली की रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासल्याशिवाय काहीही पायात घालायचं नाही. ते योग्यच आहे. आईनं राजीनामा फाडला नाही, पण पर्समधून काढून कपाटात ठेवलाय. मी याला प्रगती म्हणते.

धाकटी

६ ऑक्टोबर

दादा!

म्हणजे तू वाचतोस!

खोकं मंगळवारी आलं. वर तुझं अक्षर, आत कार्बनच्या काळ्याभोर पट्ट्या, आणि सोबत एक ओळसुद्धा नाही. तू असा कसा रे आहेस? आई घरी होती. तिनं खोक्यावरचं अक्षर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी भांडी विसळायला लागले. तिनं एक पट्टी घेतली, कानाशी धरून नखानं टिचकी मारली. मग दुसरी. मग सगळ्या. "चांगल्या आहेत," म्हणाली. पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "त्याला सगळं कळवतेस वाटतं," आणि उत्तराची वाट न बघता गेली. रागावलेली नव्हती. पट्ट्या तिनं रात्रभर टेबलावर ठेवून दिल्या होत्या, खोक्यात परत भरल्या नव्हत्या.

आता वर्गाची हकीकत. मुलांनी जुन्या टेबलफॅनची मोटर लावून एक यंत्र केलंय. त्यात पट्टी अडकवली की ते ती वाकवतं, सोडतं, वाकवतं, सोडतं, मोडेपर्यंत. नाव ठेवलंय 'आत्याबाई'. का, तर एकदम काही करत नाही, पण रोज थोडं थोडं बोलून माणूस थकवते. वस्तू भारानं मोडते त्याहून जास्त वेळा अशी थकून मोडते, हे मुलांच्या डोक्यात आत्याबाईनं जसं बसवलं तसं कुठलंही पुस्तक बसवू शकलं नसतं.

टिकटिक मुख्य. तिनं कामं वाटून दिलीत आणि कोणी कुचराई केली की काही खरं नाही. साधं पोलाद, स्प्रिंगचं पोलाद, ॲल्युमिनियम, नायलॉन, सगळे आत्याबाईच्या तोंडी देऊन झाले. ॲल्युमिनियम हलकं म्हणून तिला फार आवडलं होतं, पण ते लवकर थकलं. ती हिरमुसली. आई एका शब्दानं मधे पडली नाही. हे मला सगळ्यात अवघड वाटलं असतं. उत्तर माहीत असताना गप्प बसणं हे तिनं कधी शिकून घेतलं कोण जाणे. आपल्या लहानपणी तर नव्हतं येत!

मग तुझ्या पट्ट्या. मुलांनी अक्षरशः हात धुऊन हातात घेतल्या. आत्याबाईनं दोन दिवस घासाघीस केली, पट्टीला काही होईना. आई खूश. तिचा चेहराच सांगत होता की हेच घ्यायचं.

टिकटिक म्हणाली, "थांबा." तिनं नवी पट्टी घेतली, जमिनीवर ठेवली आणि वरून हातोडी पाडली. "जिन्यात माझा पाय रोज आपटतो," म्हणाली. पट्टी वरून जशीच्या तशी, ओरखडाही नाही. ती आत्याबाईत घातली. थोड्याच वेळात 'फाट्' असा आवाज आला आणि दोन तुकडे.

टिकटिक म्हणाली, "पोलाद मोडायच्या आधी वाकतं, कुरकुरतं, तडा दिसतो. हे काहीच सांगत नाही. आतून फुटलेलं असतं आणि वरून चकचकीत. मी जिन्याच्या मधोमध असताना गेलं तर? मला मोडण्याआधी सांगणारं काहीतरी हवं."

आई म्हणाली, "बरोबर. अबोल माणूस घरात एक पुरे, अबोल कॅलिपर कशाला?"

मुलं हसली. का हसायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

रागावू नकोस. टिकटिकनं तुझ्या पट्ट्या नाकारल्या, तुला नाही. मोडण्याआधी सांगेल अशी पट्टी करता येईल का, असा प्रश्न तिला तुला विचारायचाय, तिची चिठ्ठी सोबत जोडतेय. मी म्हटलं, तो उत्तर देईलच असं नाही. ती म्हणाली, "मग मी परत विचारीन."

धाकटी

१९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

काल तू फोनवर काय बोललास ते तुला माहीत आहे. पण इकडे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

रविवारची सकाळ. आई कपडे वाळत घालत होती. फोन वाजला, तिनं नाव बघितलं. ओल्या हातानं फोन घेऊन ती दोरीपाशीच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. "बोल," म्हणाली. मी ऐकत नाहीये असं दाखवत चिमटे मोजायला लागले.

तू 'कशी आहेस' वगैरे काही विचारलं नसणार, कारण तिचं दुसरं वाक्य होतं, "काचेच्या धाग्यांचा थर? कुठल्या बाजूला?"

मग तुमचं जे भांडण सुरू झालं! "अरे, बाहेरून लावलास तर बाकाला घासून निघेल... नाही, नाही, आतून लाव... मार लागला की पांढरा पडतो हे मला शिकवू नकोस, पण थरच निघून गेला तर दिसणार काय... हो, बाहेर असल्यावर दिसेल हे मान्य... पण टाचेपाशी वाकवणार कसा? तिथे धागे तुटतात... मग तिथे पोलादच ठेव ना! सगळीकडे एकच पदार्थ कशाला हवा तुला? लहानपणापासून हेच तुझं!"

तिनं बाबांचा जुना शर्ट झटकत झटकत तुझ्याशी वाद घातला. शर्ट वाळत घातला, काढला, पुन्हा घातला. मग खाली बसून फरशीवर ओल्या बोटानं कॅलिपरची आकृती काढली, तुला दिसत नाही हे विसरून. "हे बघ," म्हणाली. आकृती वाळली की परत काढायची.

तू फोन ठेवल्यावर तिनं ओली बोटं पुसली. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"चुकीचं सांगतोय," ती म्हणाली. "पण विचार चांगला केलाय."

आणि दादा, दुपारी जेवताना ती एकटीच हसली. मी विचारलं नाही कशाला.

धाकटी

४ डिसेंबर

प्रिय दादा,

झालं. बसलं. चाललं!

पोटरीचा भाग तुझा, कार्बनचा, त्यावर काचेच्या धाग्यांचा पातळ थर. आतून काही बिघडलं की काळ्यावर पांढरा डाग दिसणार. घोट्याचा सांधा आणि खालचे दांडे आईच्या पोलादाचे, सगळे कोपरे गोल, कानशीनं आणि पॉलिशनं असे गुळगुळीत केलेत की आरसा करावा. क्रमांक कुठेही ठोकलेला नाही. चामड्याच्या पट्ट्यावर शाईनं लिहिलाय. हा टिकटिकचा निर्णय, आणि प्रत्येक जोड कुठे हाही तिचाच. डॉक्टरीणबाईंनी दोनदा परत पाठवलं, पट्टा हलवायला लावला, तिसऱ्यांदा 'हं' म्हणाल्या.

परवा बुधवारी जिन्यावरची चाचणी होती. सगळा वर्ग खाली, प्राचार्य खाली, आई शेवटच्या पायरीपाशी, हात थोडे पुढे करून, ती पडली तर धरायला. टिकटिक वरून निघाली. कठड्याला हात नाही. आवाज नाही. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं की टिकटिक होत नाहीये, तेव्हा ती स्वतःच तोंडानं 'टिक्, टिक्' करत उतरली. मुलं लोळायची बाकी राहिली.

खाली पोचली. आता थांबेल म्हणून टाळ्या सुरू झाल्या. पण ती थांबलीच नाही. आईच्या बाजूनं गेली, वऱ्हांड्यातून गेली, फाटकातून बाहेर पडली. आम्ही सगळे टाळ्यांचे हात तसेच धरून उभे. प्राचार्य म्हणाले, "कुठे गेली ही?" आई म्हणाली, "जाऊ द्या."

बऱ्याच वेळानं घामेजून परत आली. "बसथांब्यापर्यंत गेले," धापा टाकत म्हणाली. "बाबांची बस यायची वेळ होती. त्यांना दाखवलं. ते बस उभी करून खाली उतरले. माझ्यापुढे गुडघ्यावर बसून कॅलिपर बघत राहिले, आणि मागे प्रवासी ओरडतायत. मग म्हणाले, पोरी, तू धसमुसळी नव्हतीस गं."

आई दप्तर शोधायला म्हणून वर्गात गेली. तिचं दप्तर नसतंच. पर्स असते, ती खांद्यालाच होती. मी मागे गेले नाही.

हे पत्र लिहिताना ती शेजारी येऊन बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच म्हणाली, "दाखव." वाचून झाल्यावर पेन मागितलं. पुढचं तिचं आहे.

बाळा,

धाकटीनं थोडं फुगवून लिहिलंय. माझे हात पुढे वगैरे नव्हते.

काचेच्या थराचं तू म्हणत होतास ते बरोबर निघालं. आम्ही दोन्ही करून बघितले, तुझा बाहेरून आणि माझा आतून. माझा घामानं सुटला. मी तो तुकडा वर्गाला दिला आणि का सुटला ते मुलांनीच मला समजावून सांगितलं. मुलांनी विचारलं, हा दुसरा कोणी सुचवला. मी म्हटलं, माझ्या मुलानं. मग फळ्याकडे तोंड करून आणखी एकदा म्हटलं.

तू राहायला बोलावलंस तेव्हा मी 'बघते' म्हणाले. ते उत्तर नव्हतं. उत्तर असं आहे की मला इथेच राहायचंय. तुझ्यावर रागावून नाही, आणि तुझ्या बाबांच्या आठवणीसाठीही नाही. सकाळी वर्गाच्या दारात कोणीतरी काहीतरी मोडकं घेऊन उभं असतं, आणि मला जिना चढायची घाई होते. एवढंच कारण आहे. तुला ते छोटं वाटलं तर वाटू दे.

जानेवारीत तुला सुट्टी असते असं सूनबाई म्हणत होती. धागे आणि चिकटद्रव्यांचा धडा मी अजून घेतलेला नाही. मला तो नीट येत नाही, आमच्या वेळी हे नव्हतं. बुधवारचा तास तुला देते. फळ्यावर खडूनं लिहावं लागेल. टिकटिक हल्ली पहिल्या बाकावर बसते आणि उत्तर पटेपर्यंत सोडत नाही, तेव्हा तयारी करून ये.

आई